जपानी न येणारा माणूस

"गावातल्या परदेशी माणसांत तुमच्याइतकं चांगलं जपानी कुणालाच येत नाही," कुरामोची सान आमच्या दारात उभं राहून म्हणाले, "म्हणून जपानी न येणाऱ्या परदेशी माणसाचं काम तुम्हालाच द्यायचं ठरलंय."

"पण गावात माझ्याशिवाय दुसरा परदेशी माणूसच नाही," मी म्हणालो.

"तेच तर म्हणतोय मी."

कुरामोची सान आमच्या आळीच्या मंडळाचे अध्यक्ष. अडतीस वर्षं कचेरीत काढून निवृत्त झालेले, पण त्यांच्यातली कचेरी काही निवृत्त झाली नव्हती. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी आमच्या गावात भूकंपाची तालीम असते. नऊ वाजता भोंगा होतो, भूकंप झाला असं सगळ्यांनी धरायचं, शाळेच्या व्यायामाच्या हॉलमध्ये जमायचं, जखमींना पट्ट्या बांधायच्या, मोठ्या पातेल्यात भात शिजवायचा आणि बाराला घरी जायचं. आदल्या वर्षापासून वरून नवीन फर्मान आलं होतं, की भाषा न कळणाऱ्या परदेशी माणसाला सांभाळण्याचाही सराव करा.

"ज्याला खरंच जपानी येत नाही असा कुणी शहरातून आणा की," मी म्हणालो.

"त्याला काम समजावून कसं सांगणार?"

आदल्या वर्षी हौसेने हेच काम शिमिझू न्हाव्याने सोनेरी केसांचा टोप घालून केलं होतं म्हणे. पण तो अंगात आल्यासारखा अग्निशमन दलाच्या प्रमुखाच्या गळ्यात पडून रडला, आणि प्रमुखाची पाठ अजून दुखत होती.

"यंदा खरं वाटायला हवं," कुरामोची सान फाइल उघडत म्हणाले. "नऊ ते बारा जपानीचा एक शब्द नाही. इंग्रजीही नको, शाळेतल्या शिक्षकांना येतं, मग सोपं होऊन बसेल. फक्त तुमची मातृभाषा. आणि घाबरलेला माणूस सारखा बोलत असतो, हे लक्षात असू द्या."

फाइलमध्ये माझी भूमिका टाइप केलेली होती. परदेशी क्रमांक एक. पुरुष, वय तीस ते पन्नास, जपानी येत नाही, गावात कुणीही ओळखीचं नाही.

मी सही केली. या गोष्टीला आता बारा वर्षं झाली.

तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो. चिपळूणचा गिरीश नाखरे, पुण्यात नोकरीला असताना तिथे दुभाषी म्हणून आलेल्या युकारीच्या प्रेमात पडून, लग्न करून तिच्या गावाशेजारच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून येऊन राहिलेला. या गावात, चहाच्या मळ्यांच्या पायथ्याशी, आमच्यापासून पाच मिनिटांवर माझे सासरे राहत. ओकुमुरा तेत्सुजी. चहाच्या कारखान्यातली यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. सासूबाई आमच्या लग्नाआधीच वारल्या होत्या. दर रविवारी दुपारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला जायचो, आणि दर रविवारी हे असं व्हायचं.

"त्याला विचार, चहा हवा का," सासरे युकारीला म्हणायचे. मी त्यांच्या शेजारी हातभर अंतरावर बसलेला.

"हो, घेईन थोडा," मी स्वच्छ जपानीत सांगायचो.

सासरे युकारीकडे बघत राहायचे.

"हो म्हणतोय," युकारी जपानीतून जपानीत भाषांतर करायची. मग ते किटली उचलून माझ्या कपात चहा ओतायचे, तोही अगदी निगुतीने, थेंब न सांडता. तीन वर्षं हा माणूस माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. भांडण नाही, राग नाही, काही नाही. मी रात्री शिकवणी लावून त्यांची भाषा शिकलो, त्यांच्या बोलीतले चार शब्दही उचलले, पण त्यांच्यापुढे मी टेबलाच्या पायासारखा. आपला म्हणावा असा, पण कुणी बोलत नाही असा.

म्हणून कंपनीने मार्चपासून पुण्याच्या शाखेत परत जाण्याबद्दल विचारलं तेव्हा मी आतून उडी मारली. खरं सांगतो, पुण्याची ओढ होती त्यापेक्षा त्या रविवारच्या जेवणातून सुटायची घाई जास्त होती. युकारीला पाचवा महिना होता. माझं मूल अशा घरात वाढावं जिथं त्याच्या बापाला चहा विचारायला मध्यस्थ लागतो, हे मला नको होतं. कंपनीला सोमवारी उत्तर द्यायचं होतं.

युकारी म्हणाली, "मी येईन. पण बाबांना तू सांगायचंस. तुझ्या तोंडाने, त्यांच्या तोंडावर. मी तुमच्या दोघांमधलं पोस्ट ऑफिस नाहीये."

"ते माझ्याकडे बघतच नाहीत, सांगू कसं?"

"ते तुझं तू बघ. त्यांना न सांगता मी पाऊल उचलणार नाही."

रविवारी सांगतो म्हणून मी शब्द दिला. आणि नेमक्या त्याच रविवारी बारा वाजेपर्यंत मला जपानी बोलायला बंदी झाली.

तर, त्या रविवारी नऊ वाजता भोंगा वाजला आणि मी पाठीवर पिशवी टाकून टपाल पेटीजवळच्या चौकात हरवलो. म्हणजे घरापासून दोनशे पावलांवर. पाच मिनिटांनी हारुनो आजी आणि आणखी दोघी पिवळी जाकिटं घालून आल्या. हारुनो आजी आमच्या शेजारच्या.

"गिरीश सान, सुप्रभात! युकारीची तब्येत कशी आहे?" असं म्हणून त्यांनी वाकून नमस्कार केला, मग एकदम तोंडावर हात ठेवला, चार पावलं मागे गेल्या आणि पुन्हा येऊन म्हणाल्या, "अगं बाई! कोण बरं हा परदेशी माणूस?"

मला बोलत राहायचा हुकूम होता. पण एकट्याने मराठीत बोलायचं तरी काय? दोन-तीन वाक्यांत माझा साठा संपला, आणि मग शाळेत छडीच्या धाकाने पाठ केलेलं आपोआप बाहेर आलं.

"एकोणतीस एके एकोणतीस," मी हात हलवत, जमेल तेवढा घाबरून म्हणालो. "एकोणतीस दुणे अठ्ठावन्न! एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी!"

हारुनो आजींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "आईबद्दल बोलतोय बिचारा," त्या बाकीच्यांना म्हणाल्या. त्यांनी माझा हात धरला तो हॉलच्या दारापर्यंत सोडला नाही. मला तिसाचा पाढा सोपा वाटला असता, पण त्या इतक्या हेलावल्या होत्या की मी एकोणतीसच पुन्हा म्हटला.

हॉलमध्ये चपला-बूट काढून शिरलो. जमीन बर्फासारखी गार होती. हॉलभर टेबलं मांडली होती, त्यांतली पुढची तीन नोंदणीची. पहिल्या दोन टेबलांच्या रांगांतच अकरा वाजले, आणि तिसऱ्या टेबलावर "विशेष मदत" अशी पाटी लावून, डोक्यावर शिरस्त्राण घालून, माझे सासरे बसले होते.

त्यांनी मला पाहिलं आणि सवयीने माझ्या शेजारी युकारीला शोधलं. युकारी बाहेर मैदानात भाताच्या पातेल्यापाशी होती. सासऱ्यांचं घोडं तिथेच अडलं.

"ओकुमुरा सान, प्रपत्र सात," कुरामोची सान मागून येऊन म्हणाले. "प्रश्न छापलेले आहेत. एकेक वाचा, उत्तर लिहा. नातेवाइकांचा रकाना भरला की क्रमांक मिळेल, क्रमांक मिळाला की कुपन, कुपन मिळालं की भात."

सासऱ्यांनी चष्मा लावला, कागद तोंडासमोर धरला आणि कागदाला उद्देशून वाचलं, "तुम्हाला. कुठे. लागलंय का?"

"नाही. ठीक आहे मी," मी मराठीत म्हणालो.

त्यांनी लिहिलं, उत्तर समजले नाही.

"तुम्हाला. थंडी. वाजतेय का?"

"पाय पार गारठलेत."

उत्तर समजले नाही, असं त्यांनी लिहिलं. पण लिहिता लिहिता टेबलाखालून स्वतःच्या पायातल्या सपाता काढल्या आणि पायानेच माझ्याकडे सरकवल्या. वर बघितलं नाही. मी त्या घातल्या. उबदार होत्या.

"तुम्ही. जेवलात का?"

मला हसू फुटणार होतं. तीन वर्षांत पहिल्यांदाच या माणसाने मला, मला, जेवलास का म्हणून विचारलं होतं. भले छापील असेल.

"नाही जेवलो," मी म्हणालो.

पुढचा प्रश्न नातेवाइकांचा होता. सासऱ्यांनी पेन टेकवलं, आणि हॉल हलला.

तसा फार मोठा नव्हता. खिडक्यांच्या काचा थडथडल्या, बास्केटबॉलच्या जाळ्या झुलायला लागल्या. पण मी काही समजायच्या आत माझी कॉलर कुणीतरी पकडली होती, आणि माझ्या कानात कुणीतरी जिवाच्या आकांताने ओरडलं, "गिरीश! डोकं! डोकं खाली!"

दुसऱ्या क्षणी मी टेबलाखाली होतो आणि माझ्या पाठीवर शिरस्त्राणासकट माझे सासरे होते. त्यांच्या छातीची धडधड मला पाठीत कळत होती.

पंधरा-वीस सेकंदांत सगळं थांबलं. आम्ही दोघांनी एकदमच मान काढून खिडकीतून मैदानाकडे पाहिलं. युकारी पातेल्यापासून दूर, मोकळ्यात, पोटावर हात ठेवून उभी होती. तिने आमच्या दिशेने पळी हलवली. आमचा दोघांचा श्वास एकदमच सुटला.

आता बाहेर पडायला हरकत नव्हती. पण नियम असा, की मोकळं झाल्याची घोषणा होईपर्यंत टेबलाखालून हलायचं नाही. शंभरेक माणसं जिथल्या तिथे टेबलाखाली उकिडवी बसून घोषणेची वाट बघत होती, आणि कुरामोची सान ध्वनिक्षेपक हातात धरून फाइलची पानं उलटत होते.

"आत्ताचा भूकंप," शेवटी ते म्हणाले, "तालमीचा भाग नव्हता. तालमीचा भूकंप नऊ वाजता होऊन गेलेला आहे. कृपया गैरसमज नसावा."

"मग बाहेर यायचं का?" एका टेबलाखालून शिमिझू न्हाव्याचा आवाज आला.

"या भूकंपाची समाप्ती जाहीर करण्याचा अधिकार मला नाही," कुरामोची सान म्हणाले. "मी वर विचारतो." आणि ते फोन लावायला निघून गेले.

झालं. शंभर माणसं टेबलाखाली.

सासरे माझ्या पाठीवरून उतरून समोर मांडी घालून बसले होते. प्रपत्र सात त्यांच्या हातातच होतं, चुरगळलेलं. त्यांनी घड्याळ पाहिलं.

"अकरा दहा," ते म्हणाले. कागदाला नाही, मला. "बारापर्यंत तुला जपानी येत नाही. खरं ना?"

येत नाही म्हणून मान हलवावी, तर प्रश्न कळला हेच उघड होणार.

"बरं आहे," ते म्हणाले. "मग ऐक. युकारीची आई होती तेव्हा सगळं तीच बोलायची. मी यंत्रांचा माणूस. यंत्राशी बोलावं लागत नाही. युकारीशी काही चुकीचं बोललो तर चालतं, ती मुलगी आहे, रुसेल आणि पुन्हा येईल. तुझ्याशी काही चुकीचं बोललो तर तू तिला घेऊन निघून जाशील. म्हणून काहीच नको बोलायला, असं ठरवलं मी. आता तू न बोलताही निघालायस."

त्यांना कुणी सांगितलं? युकारी सांगणं शक्यच नव्हतं.

"तांदूळ," ते म्हणाले, जणू मी विचारलंच होतं. "युकारी माझ्या गाडीतून दर महिन्याला दहा किलोचं पोतं आणायची. ऑक्टोबरपासून दोन किलोची पिशवी आणते. घरात बाळ यायचंय आणि दोन किलो तांदूळ कोण आणतं? जो जाणार असतो तो."

बाजूच्या टेबलाखाली हारुनो आजी दुसरीकडे तोंड करून, आपल्याला ऐकू येत नाही असं दाखवत बसल्या होत्या.

मला बोलायचं होतं. जपानीची बंदी होती, आणि खरं सांगू, जपानीत मला ते बोलताच आलं नसतं.

"अहो," मी मराठीत म्हणालो, "तीन वर्षं तुमच्या मांडीला मांडी लावून चहा पितोय मी. एकदा तरी 'काय रे' म्हणालात? 'काय रे' एवढंच हवं होतं मला. तुमच्यासाठी रात्री जागून तुमची भाषा शिकलो. मला वाटलं, मी तुम्हाला आवडतच नाही. हो, निघालोय मी. मार्चमध्ये. पुण्याला. आज बाराला तुम्हाला सांगणार होतो. तुम्ही माझ्याशी बोलणं टाळता म्हणून निघालोय, दुसरं काही नाही."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पुणे एवढा एकच शब्द त्यांना कळला असणार, कारण तेवढ्यावर त्यांनी मान हलवली. मग त्यांनी प्रपत्र मांडीवर सरळ केलं आणि लिहिलं, उत्तर समजले.

"शेवटचा प्रश्न," ते म्हणाले आणि पिशवीतून चित्रांचा पुठ्ठा काढला. भाषा न कळणाऱ्या माणसाने बोटाने दाखवायचा असतो तो. "तुम्हाला. कुठे. जायचंय?"

पुठ्ठ्यावर चार चित्रं होती. संडास, इस्पितळ, विमान, घर.

हसू नका, पण मी त्या पुठ्ठ्याकडे बराच वेळ बघत राहिलो. विमानाचं चित्र चांगलं काढलेलं होतं. घर अगदीच साधं, एक दार, एक खिडकी. सासरे माझ्या तोंडाकडे बघत नव्हते, ते माझ्या बोटाकडे बघत होते.

मी घरावर बोट ठेवलं.

त्यांनी पुठ्ठा बाजूला ठेवला आणि नातेवाइकांचा रकाना भरायला घेतला. एवढ्यात कुरामोची सान वाकून टेबलाखाली आले.

"वरून परवानगी आली. झालेला भूकंप झाला नाही असं समजून बाहेर यायचंय. प्रपत्र झालं का?" त्यांनी कागद घेतला, वाचला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ओकुमुरा सान, हे चुकलंय. गावातले नातेवाईक, इथे तुम्ही स्वतःचं नाव घातलंय. पत्ताही तुमचाच. आणि नातं," त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, "नातं मुलगा? जावईसुद्धा नाही?"

"बरोबर आहे," सासरे म्हणाले.

"पण फाइलमध्ये स्पष्ट लिहिलंय. या माणसाचं गावात कुणीही नाही. याला इथून वकिलातीकडे पाठवायचंय."

माझे सासरे जन्मभर नाकासमोर चाललेले. यंत्राच्या पुस्तकात लिहिलेलं असेल तेवढेच आटे फिरवणारे. ते टेबलाखालून बाहेर आले, उभे राहिले, शिरस्त्राण काढून काखेत घेतलं.

"मग फाइल चुकली आहे," ते म्हणाले. "आणि तो जेवल्याशिवाय कुठेही जाणार नाही. कुपन द्या."

कुरामोची सानांनी एकदा फाइलकडे, एकदा सासऱ्यांकडे पाहिलं. कुपन दिलं.

बाराला भोंगा वाजला. मैदानात आम्ही तिघं बाकावर भाताचे वाडगे घेऊन बसलो, मध्ये युकारी. तिने मला कोपराने ढोसलं. बारा वाजले, आता बोल, असा त्याचा अर्थ. ती चिंतेत होती हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

सासऱ्यांनी घसा खाकरला. भोंगा झाल्यावर त्यांचं धैर्य संपलं असावं.

"त्याला विचार," ते युकारीला म्हणाले, "भात आणखी हवा का."

"बाबा, तुम्हीच विचारा ना! तो इथेच—"

मी तिच्या हातावर हात ठेवला. मला आता अजिबात राग नव्हता. या माणसाकडे शब्दांचा साठाच थोडा होता, आणि त्यातले सगळे त्याने आज टेबलाखाली माझ्यावर खर्च केले होते.

"तू बाबांना सांग," मी युकारीला म्हणालो, "भात नको, पोट भरलं. पण दुपारी त्यांची गाडी लागेल. तांदळाचं पोतं आणायचंय. दहा किलोचं."

"पोतं?" युकारी माझ्याकडे बघत राहिली. "पोत्याचं काय मध्येच? तू त्यांना जे सांगणार होतास ते—"

तिचं वाक्य अर्धवट राहिलं, कारण तिचे वडील बाकावरून उठले होते. वाडगा खाली ठेवून ते गाडीच्या किल्ल्या शोधत होते. आधी जाकिटाच्या खिशात, मग विजारीच्या, मग पुन्हा जाकिटाच्या. डोळ्यांपुढे धुकं आल्यावर माणूस शोधतो तसे. किल्ल्या त्यांच्या हातातच होत्या.

सोमवारी मी कंपनीला नाही म्हणून कळवलं. एप्रिलमध्ये मुलगी झाली. सासरे अजून रविवारी "त्याला विचार" असंच म्हणतात, फक्त आता ते काम नातीकडे गेलंय, आणि ती मुद्दाम चुकीची उत्तरं सांगते.

पुढच्या नोव्हेंबरात तालमीच्या आधी मी आपणहून कुरामोची सानांकडे गेलो. म्हटलं, यंदाही मी तयार आहे, एकोणतीसचा पाढा पक्का आहे.

त्यांनी फाइल उघडली, बोटाने ओळ शोधली आणि दिलगिरीने मान हलवली.

"तुम्हाला आता देता येणार नाही. तुम्ही नियमात बसत नाही."

"का? जपानी बोलणार नाही मी, शब्द देतो."

"भाषेचं काही नाही हो," ते म्हणाले. "त्या माणसाचं गावात कुणी नसावं लागतं."

त्या वर्षी शिमिझू न्हाव्याने पुन्हा सोनेरी टोप घातला. मला तिसऱ्या टेबलाचं काम मिळालं.